मेक्सिकोचा ट्रक आणि अमेरिकेचा परवाना

मेक्सिकोतील मोंतेरे शहरातून अमेरिकेतील शिकागोला माल पाठवायचा तर रस्ता सरळ आहे. मोंतेरेहून उत्तरेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर नुएवो लारेडो हे सीमेवरचे शहर, मग रिओ ग्रांदे नदीवरचा पूल, पलीकडे टेक्सासमधले लारेडो आणि तिथून सुरू होणारा ३५ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग. मालाचा ट्रेलर शेवटपर्यंत तोच राहू शकतो. पण तो ओढणारे ट्रक आणि ते चालवणारी माणसे वाटेत बदलत जातात. मेक्सिकोच्या एखाद्या वाहतूक कंपनीला हाच माल स्वतःच्या ट्रकने, स्वतःच्या चालकाकडून शिकागोपर्यंत न्यायचा असेल तर तिला अमेरिकी सरकारकडे नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो. १९८२ ते २०१५ या तेहतीस वर्षांत मोजके अपवाद सोडले तर हा परवाना मेक्सिकोच्या कंपन्यांना मिळालाच नाही. दरम्यान दोन्ही देशांनी करार केला, लवादाचा निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा झाला, दोनशे कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मालावर जकात बसली. भांडण दर वेळी येऊन अडले ते नोंदणीच्या अर्जापाशीच.

अमेरिकेत ट्रकच्या धंद्याला केंद्र सरकारचा परवाना लागू लागला तो १९३५ पासून. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रकने माल नेण्यावर केंद्राचे फारसे नियंत्रण नव्हते. मंदीच्या वर्षांत पुष्कळ जणांनी जुनेपुराणे ट्रक घेऊन मिळेल त्या भाड्यात माल उचलायला सुरुवात केली. भाडी कोसळली, तेव्हा रेल्वे कंपन्या आणि बस्तान बसवलेले वाहतूकदार या दोघांनीही नियमनाची मागणी लावून धरली. ऑगस्ट १९३५ मध्ये मोटर कॅरियर कायदा झाला आणि रेल्वेवर देखरेखीसाठी १८८७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या हाती ट्रकही आले. जे आधीपासून धंद्यात होते त्यांना पुरावा दाखवून परवाना मिळाला. नव्या माणसाला मात्र आपल्या सेवेची लोकांना सोय आणि गरज आहे हे सिद्ध करावे लागे, आणि त्या मार्गावरच्या जुन्या कंपन्यांना हरकत घेण्याचा हक्क असे. परवान्यावर मार्ग लिहिलेला असे, मालाचा प्रकारही लिहिलेला असे. एका मालाचा परवाना असलेला ट्रक परतीच्या वाटेवर दुसरा माल भरू शकत नसे, म्हणून रिकाम्या फेऱ्या ठरलेल्याच. परवाना हीच मोठी मालमत्ता झाली. कंपन्या एकमेकींचे परवाने भारी किमतीला विकत घेऊ लागल्या.

या काळात परदेशी असणे ही वेगळी अडचण नव्हती. कॅनडाच्या किंवा मेक्सिकोच्या कंपनीनेही आयोगाकडेच अर्ज करायचा आणि तीच गरज सिद्ध करायची. दार अरुंद होते, पण सगळ्यांनाच सारखे अरुंद होते.

१ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नव्या मोटर कॅरियर कायद्यावर सही केली आणि हे दार मोठे झाले. अर्जदार लायक आहे, सेवा द्यायला तयार आहे आणि समर्थ आहे एवढे दाखवले की पुरे. हरकत घेणाऱ्याने उलट पुरावा द्यायचा. दहा वर्षांत परवानाधारक कंपन्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. सीमेपलीकडच्या कंपन्यांनीही अर्ज भरले, आणि इथे तिढा निर्माण झाला. अमेरिकेचे दार उघडले होते. मेक्सिकोचे बंदच होते. मेक्सिकोत ट्रकचा धंदा सरकारी सवलतीवर चालत असे, मार्ग ठरावीक कंपन्यांच्या ताब्यात असत आणि परदेशी वाहतूकदाराला तिथे जागा नव्हती. कॅनडाच्या प्रांतांतही गरज सिद्ध करण्याची जुनी पद्धत चालू होती. ‘ते इथे येतात, आम्हांला तिथे जाता येत नाही’ ही अमेरिकी वाहतूकदारांची तक्रार रास्तच होती.

अमेरिकी काँग्रेसने तिची दखल घेतली ती एका भलत्याच कायद्यात. सप्टेंबर १९८२ चा बस नियमन सुधारणा कायदा मुळात प्रवासी बसगाड्यांसाठी होता. त्यात एक कलम घालून मेक्सिको आणि कॅनडाच्या वाहतूकदारांना नवे परवाने देणे दोन वर्षांसाठी थांबवले गेले. ही बंदी उठवण्याचा किंवा वाढवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. कॅनडाने लगेच बोलणी करून मार्ग काढला आणि रेगन यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कॅनडापुरती बंदी उठवली. मेक्सिकोपुरती ती राहिली, दोन वर्षांनी वाढवली गेली, पुन्हा वाढवली गेली. १९८२ पूर्वी परवाना मिळालेल्या बोटांवर मोजण्याइतक्या मेक्सिकन कंपन्यांचा हक्क तेवढा शाबूत राहिला.

बंदीत एक फट होती आणि पुढचा सारा धंदा त्या फटीतूनच वाढला. अमेरिकी कायद्यात शहर आणि त्याच्या आसपासच्या भागाला व्यापारी पट्टा मानण्याची जुनी रीत आहे. त्या पट्ट्याच्या आतली वाहतूक स्थानिक मानली जाई आणि तिला आयोगाचा परवाना लागत नसे. पट्ट्याची रुंदी शहराच्या लोकसंख्येवर ठरते. सीमेवर ती साधारण ३ ते २० मैल येते. लारेडो, एल पासो, ब्राउन्सव्हिल, नोगालेस, सॅन दिएगो या शहरांच्या पट्ट्यांत मेक्सिकन ट्रक येऊ शकत होते. १९८४ च्या कायद्याने त्यांनाही एक नोंदणी प्रमाणपत्र आणि विमा आवश्यक केला; पण हे प्रमाणपत्र मिळणे अवघड नव्हते. म्हणजे मेक्सिकन कंपनीसमोर नोंदणीच्या दोन वाटा झाल्या. पट्ट्यापुरती नोंदणी सहज होई. पट्ट्यापलीकडे जायची नोंदणी कायद्याने बंद होती.

यातून सीमेवर ‘ट्रान्सफर’ नावाचा धंदा जन्माला आला. स्पॅनिश बोलणारे चालकही हाच शब्द वापरतात. लांब पल्ल्याचा मेक्सिकन ट्रक ट्रेलर नुएवो लारेडोच्या आवारात सोडतो. दुसरा, बहुधा जुना आणि बराच झिजलेला ट्रक तो ट्रेलर घेऊन पुलाच्या रांगेत लागतो. मेक्सिकोचे कस्टम, मग अमेरिकेचे कस्टम, मग टेक्सास राज्याची वाहन तपासणी असे टप्पे पार करून तो ट्रेलर लारेडोतल्या एखाद्या आवारात टाकतो आणि बहुतेक वेळा रिकामाच परत येतो. पल्ला काही मैलांचा, वेळ मात्र कित्येक तासांचा. लारेडोतून पुढे अमेरिकी ट्रक ट्रेलर उचलतो. तीन कंपन्या, तीन चालक, तीन भाडी.

भारतीय वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. पेट्रापोलहून बांगलादेशात शिरलेला भारतीय ट्रक बेनापोलच्या आवारात माल उतरवून परत फिरतो आणि पुढचा प्रवास बांगलादेशी ट्रक करतो. ही अडचण दूर करण्यासाठी भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफू इथे मोटार वाहन करारावर सह्या केल्या. भूतानच्या संसदेची मंजुरी मात्र त्याला मिळाली नाही.

ट्रान्सफरची पद्धत नुसत्या बंदीमुळे टिकली असे म्हणणे अपुरे ठरेल. तिच्यावर पोसलेले पुष्कळ होते. मेक्सिकोच्या कायद्यात आयात मालाच्या कागदपत्रांतील चुकीची जबाबदारी कस्टम दलालावर पडत असे. त्यामुळे दक्षिणेकडे जाणारा माल दलाल लारेडोच्या गोदामांत उघडून, मोजून, तपासून मगच कागद तयार करत. गोदामवाले, दलाल, ट्रान्सफरवाले आणि ट्रेलर उभे करायची आवारे चालवणारे अशा सगळ्यांची मिळकत माल सीमेवर थांबण्यावर अवलंबून होती. शिवाय माल वाढतच होता. १९६५ मध्ये मेक्सिकोने सीमेवर औद्योगिकीकरणाचा कार्यक्रम सुरू केला होता. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, मेक्सिकोतल्या ‘माकिलादोरा’ कारखान्यांत जुळणी व्हायची, तयार वस्तू परत उत्तरेला जायची. एका टीव्ही संचासाठी सीमा दोनदा ओलांडली जाई आणि दोन्ही वेळा ट्रान्सफरचे भाडे पडे.

१९८९ मध्ये मेक्सिकोने स्वतःचा ट्रक धंदा मोकळा केला. मार्गांची मक्तेदारी मोडली. परस्पर मुक्ततेच्या बोलण्यांना आता आधार होता. डिसेंबर १९९२ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारावर, म्हणजे नाफ्टावर, सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९४ पासून तो लागू झाला. ट्रकसाठी त्यात स्पष्ट वेळापत्रक होते. १८ डिसेंबर १९९५ पासून मेक्सिकोचे ट्रक कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास या चार सीमावर्ती राज्यांत कुठेही जाऊ शकणार होते. अमेरिकी ट्रकांना मेक्सिकोच्या सहा सीमावर्ती राज्यांत तसाच हक्क होता. १ जानेवारी २००० पासून दोन्ही देश एकमेकांच्या ट्रकांना पूर्ण खुले व्हायचे होते. देशांतर्गत माल उचलण्यास मात्र मनाई कायम होती. मेक्सिकन ट्रकने मोंतेरेचा माल शिकागोत उतरवावा, शिकागोतून मेक्सिकोचा माल भरावा; पण शिकागोचा माल डॅलसला नेऊ नये. करारातील ही एक ओळ पुढे फार महत्त्वाची ठरली.

वाहतूकदारांनी अर्ज तयार ठेवले होते. १८ डिसेंबर १९९५ उजाडला आणि परिवहन मंत्री फेडेरिको पेन्या यांनी जाहीर केले की अर्ज स्वीकारले जातील, पण त्यांवर अंतिम निर्णय होणार नाही. पेन्यांचा जन्म लारेडोचाच. कारण सांगितले गेले ते सुरक्षेचे. मेक्सिकोत चालकाने सलग किती तास गाडी चालवावी याची अमेरिकेसारखी नोंदवही नव्हती, रस्त्यावरच्या तपासणीची व्यवस्था जेमतेम होती, ट्रकचे कमाल वजनही अमेरिकेच्या ८०,००० पौंडांच्या मर्यादेहून जास्त चाले. तेरा दिवसांनी आंतरराज्य वाणिज्य आयोगच बरखास्त झाला आणि नोंदणीचे काम परिवहन खात्याकडे आले. अर्ज फायलींत राहिले ते पाच वर्षांहून अधिक काळ.

सुरक्षेचा प्रश्न खोटा नव्हता. १९९७ मध्ये सीमेवर तपासलेल्या मेक्सिकन ट्रकांपैकी ४४ टक्के ट्रक जागेवरच थांबवावे लागले. अमेरिकी ट्रकांत हे प्रमाण २५ टक्के होते. पण या आकड्यात एक गफलत दडलेली होती. तपासलेले ट्रक होते ट्रान्सफरचे, म्हणजे पुलावरून दिवसाला एक-दोन खेपा करणारे जुने ट्रक. मोंतेरेहून शिकागोला जाऊ पाहणाऱ्या कंपनीचा नवा ट्रक त्यांत नव्हताच, कारण त्याला पुलाच्या रांगेत उभे करणे परवडत नसे. बंदीनेच जुने ट्रक सीमेवर आणले होते आणि बंदी टिकवण्यासाठी त्याच ट्रकांचा दाखला दिला जात होता. टीमस्टर्स ही चालकांची बलाढ्य कामगार संघटना आणि स्वतंत्र मालक-चालकांची संघटना या दोघींनी बंदीची बाजू जोरात मांडली. त्यांच्या सदस्यांना कमी पगारावर चालवणाऱ्या स्पर्धकाची भीती होती. ही भीती समजण्यासारखी आहे. तिने सुरक्षेची भाषा घेतली, एवढेच.

मेक्सिकोने १९९८ मध्ये नाफ्टाखाली लवाद मागितला. पाच सदस्यांच्या मंडळाने ६ फेब्रुवारी २००१ रोजी एकमताने निकाल दिला. त्यांतले दोन सदस्य अमेरिकेचे होते. मेक्सिकोच्या सर्व अर्जांवर सरसकट निर्णय थांबवणे हा कराराचा भंग आहे, असे मंडळाने म्हटले. त्याच वेळी सुरक्षेसाठी वाजवी अटी घालण्याचा अमेरिकेचा हक्क मंडळाने मान्य केला. मेक्सिकन अर्जदाराला अगदी अमेरिकी अर्जदारासारखेच वागवले पाहिजे असेही नाही, असे सांगितले. निकालाचा गाभा असा की नकार द्यायचा तर एकेक अर्ज तपासून द्या, देश पाहून नव्हे.

जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सरकारने निकाल मानला. जून २००१ मध्ये मेक्सिकन भांडवलदारांना आंतरराष्ट्रीय माल नेणाऱ्या कंपन्या अमेरिकेत स्थापन करण्याची मुभा मिळाली. ट्रकांना परवाना देण्याची वेळ आली तेव्हा काँग्रेसने अटींचा डोंगर उभा केला. डिसेंबर २००१ मध्ये मंजूर झालेल्या परिवहन खर्चाच्या कायद्यातील कलम ३५० हा तो डोंगर. या अटी पूर्ण झाल्याशिवाय मेक्सिकन ट्रकच्या अर्जावर खर्च करायला खात्याला पैसेच मिळणार नव्हते. सिनेटर पॅटी मरे आणि रिचर्ड शेल्बी यांनी त्यांची रचना केली होती.

मेक्सिकन कंपनीच्या नोंदणीची आजची पद्धत या कलमातून घडली. मार्च २००२ मध्ये, दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या संघीय मोटर वाहक सुरक्षा प्रशासनाने नियम जाहीर केले. सीमेच्या पट्ट्यापुरते काम करायचे असेल तर ‘ओपी-२’ अर्ज, पट्ट्यापलीकडे जायचे असेल तर ‘ओपी-१ एमएक्स’. दुसऱ्या अर्जात कंपनीने मेक्सिकोतली आपली नोंद, ट्रकांची आणि चालकांची माहिती द्यायची, आणि चालकांच्या कामाच्या तासांची नोंद कोण ठेवतो, वाहनांची देखभाल कोण करते, दारू आणि अमली पदार्थांची चाचणी कशी होते हे एकेक करून लिहायचे. ज्या ज्या राज्यांतून ट्रक जाणार, तिथे न्यायालयीन नोटिसा स्वीकारणारा प्रतिनिधी नेमायचा. कारण अपघातानंतर परदेशी कंपनीला गाठायचे कुठे हा प्रश्न खरा होता. साध्या मालासाठी किमान साडेसात लाख डॉलरचा विमा हवा, आणि तो अमेरिकेत व्यवसायाचा परवाना असलेल्या विमा कंपनीचा हवा. पट्ट्यातल्या ट्रान्सफरवाल्याला दिवसापुरता, फेरीपुरता विमा घेऊन भागत असे. लांब पल्ल्याला वर्षभराचा अखंड विमा लागे आणि त्याचा हप्ता छोट्या कंपनीला जड जाई.

अर्ज भरून काम संपत नव्हते. परवाना हातात पडण्याआधी सुरक्षा परीक्षण होणार, आणि तीनपेक्षा जास्त ट्रक असलेल्या कंपन्यांबाबत ते पुष्कळदा मेक्सिकोत, कंपनीच्या आवारात जाऊन करायचे. अमेरिकी निरीक्षकाने परक्या देशातील गॅरेजमध्ये उभे राहून ब्रेकच्या नोंदवह्या पाहायच्या, ही नोंदणीच्या इतिहासातली नवीच गोष्ट होती. पास झाल्यास तात्पुरता परवाना, तोही किमान अठरा महिने देखरेखीखाली. त्यानंतर पुन्हा पूर्ण तपासणी, मग कायम परवाना. दर नव्वद दिवसांनी प्रत्येक ट्रक तपासून काचेवर खूणपत्र लावायचे. चालकाचा मेक्सिकन संघीय परवाना सीमेवर संगणकावरून पडताळायचा. ज्या नाक्यावर प्रमाणित निरीक्षक कामावर असेल, त्याच नाक्यावरून त्याच वेळेत आत यायचे. अमेरिकी किंवा कॅनेडियन अर्जदाराला यातील पुष्कळशा अटी लागू नव्हत्या.

नोव्हेंबर २००२ मध्ये बुश यांनी वीस वर्षांची बंदी उठवली. लगेच अडसर आला तो न्यायालयाचा. टीमस्टर्स, पब्लिक सिटिझन ही ग्राहकहिताची संस्था आणि काही पर्यावरणवादी गट यांनी दावा लावला की मेक्सिकन ट्रकांच्या धुराचा पूर्ण अभ्यास न करता नियम काढले गेले. जानेवारी २००३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. ७ जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालपत्राचा आशय साधा होता: ट्रकांना येऊ द्यायचे की नाही हे राष्ट्राध्यक्ष ठरवतात, प्रशासन फक्त नोंदणी करते, जे रोखण्याचा अधिकारच नाही, त्याच्या परिणामांचा अभ्यास प्रशासनावर लादता येत नाही.

तरीही आणखी तीन वर्षे गेली. सप्टेंबर २००७ मध्ये एका वर्षाचा चाचणी कार्यक्रम सुरू झाला. शंभर मेक्सिकन आणि शंभर अमेरिकी कंपन्यांपर्यंत त्यात जागा होती. पहिला परवाना नुएवो लिओन राज्यातील आपोदाका इथल्या त्रान्सपोर्तेस ओलिंपिक या कंपनीला मिळाला. काँग्रेसने डिसेंबरमध्ये असा कार्यक्रम सुरू करायला पैसे देण्यास मनाई केली. खात्याने कार्यक्रम आधीच सुरू झालेला आहे असे सांगून तो चालू ठेवला. मार्च २००९ मध्ये काँग्रेसने शब्द बदलून वाट पूर्ण बंद केली आणि ओबामा यांच्या सहीने कार्यक्रम संपला.

मेक्सिकोने आठवडाभरात उत्तर दिले. लवादाच्या निकालाने त्याला सवलती मागे घेण्याचा हक्क मिळालाच होता. आठ वर्षे तो वापरला नव्हता. सुमारे ९० अमेरिकी वस्तूंवर, वर्षाला २४० कोटी डॉलरच्या मालावर, मेक्सिकोने १० ते ४५ टक्के जकात बसवली. यादी विचारपूर्वक केलेली होती. त्यात पेअर, द्राक्षे, गोठवलेले बटाटे, नाताळची झाडे, वाइन होती. माल शक्य तितक्या जास्त राज्यांतला यावा याकडे लक्ष दिले होते. वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या बटाटा उत्पादकांना ट्रकच्या परवान्याशी आपला संबंध काय हे पहिल्यांदाच कळले. ऑगस्ट २०१० मध्ये यादी बदलून ९९ वस्तूंची झाली. डुकराचे मांस आणि चीज तिच्यात आले. वस्तू फिरवत राहिल्याने पुढचा नंबर कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसे आणि शेतकरी संघटना वॉशिंग्टनवर दडपण आणू लागल्या. लवादाच्या निकालाने आणि सर्वोच्च न्यायालयाने जे साधले नव्हते, ते बटाट्यावरच्या जकातीने साधले.

६ जुलै २०११ रोजी अमेरिकेचे परिवहन मंत्री रे लाहूड आणि मेक्सिकोचे मंत्री दिओनिसिओ पेरेस-हाकोमे यांनी मेक्सिको सिटीत समझोत्यावर सह्या केल्या. जकात निम्मी झाली. उरलेली निम्मी पहिला ट्रक आत आल्यावर थांबायची होती. २१ ऑक्टोबर २०११ रोजी त्रान्सपोर्तेस ओलिंपिकचा ट्रक लारेडोचा पूल ओलांडून टेक्सासमधील गारलंडकडे गेला आणि जकात थांबली. या वेळच्या अटी आधीपेक्षा कडक होत्या. प्रत्येक चालकाची इंग्रजीची आणि वाहतूक चिन्हांची परीक्षा, पहिले काही महिने प्रत्येक फेरीला तपासणी आणि ट्रकमध्ये प्रवासाची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र. यंत्राचा खर्च अमेरिकी सरकारने उचलला, त्यावरही वाद झाला. संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

तीन वर्षांच्या कार्यक्रमात भाग घेतला फक्त १५ मेक्सिकन कंपन्यांनी. त्यांच्या ट्रकांनी २८ हजारांहून अधिक वेळा सीमा ओलांडली, पण बहुतेक फेऱ्या मोजक्याच कंपन्यांच्या होत्या. सर्वत्र लागू पडेल असा निष्कर्ष काढायला ही संख्या तोकडी आहे, असे परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी बजावले. प्रशासनाने आधीपासून परवाना असलेल्या आणि मेक्सिकन मालकीच्या इतर कंपन्यांची माहिती जोडून सुरक्षेचा निष्कर्ष काढला आणि जानेवारी २०१५ पासून पट्ट्यापलीकडचे अर्ज सर्वांसाठी खुले केले.

एवढ्या झगड्यानंतर दार उघडले, तेव्हा आत येणारे थोडेच का होते? उत्तर हिशेबात आहे. शिकागोत माल उतरवलेल्या ट्रकला परतीचा माल मेक्सिकोचाच मिळायला हवा. वाटेत अमेरिकी माल भरायला मनाई. परतीचा माल मिळाला नाही तर अडीच हजार किलोमीटरचे डिझेल पदरचे. त्यात विम्याचा हप्ता, नव्वद दिवसांच्या तपासण्या, इंग्रजी येणारा चालक आणि त्याचा व्हिसा. दुसरीकडे ट्रान्सफरची साखळी तीस वर्षांत पक्की बसलेली होती आणि मोठ्या मेक्सिकन कंपन्यांनी अमेरिकी कंपन्यांशी ट्रेलर अदलाबदलीचे करार करून टाकले होते. अमेरिकी ट्रकही मेक्सिकोत फारसे गेले नाहीत. नाफ्टाने त्यांना २००४ पासून आंतरराष्ट्रीय माल नेणाऱ्या मेक्सिकन कंपन्यांची पूर्ण मालकी घेण्याची मुभा दिली होती. स्वतःचा ट्रक पाठवण्यापेक्षा तिथल्या कंपनीत पैसे गुंतवणे त्यांना सोयीचे वाटले.

सुरक्षेचे काय झाले, याचे उत्तर आशा वाढवणारे आहे. १९९७ चे ४४ टक्क्यांचे प्रमाण तपासनीस वाढले तसे घसरत गेले आणि पुढच्या दशकात ते अमेरिकी ट्रकांच्या आसपास आले. हे पट्ट्यातल्या ट्रान्सफरच्या ट्रकांत घडले, लांब पल्ल्याच्या बंदीमुळे नव्हे. सीमेवर तपासनीस उभा राहिला, ब्रेक पाहू लागला, खराब ट्रक परत पाठवू लागला, तेव्हा ट्रक सुधारले. हेच १९९५ मध्ये करता आले असते.

१ जुलै २०२० पासून नाफ्टाची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. त्यात मेक्सिकन कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या परवान्यांमुळे अमेरिकी वाहतूकदारांचे मोठे नुकसान होत असल्याचे आढळले तर ते परवाने मर्यादित करण्याचा हक्क अमेरिकेने राखून ठेवला. सुरक्षेआड मांडली गेलेली धंद्याची भीती या करारात उघडपणे लिहिली गेली, ही निदान प्रामाणिक गोष्ट झाली. २०२३ मध्ये मेक्सिकोकडून अमेरिकेत आलेल्या ट्रकांच्या फेऱ्या ७० लाखांवर गेल्या. २००० साली त्या ४५ लाखांच्या आसपास होत्या. त्यातली बहुसंख्य वाहतूक आजही ट्रान्सफरचीच आहे. २०२५ च्या जूनपासून अमेरिकेने इंग्रजी न येणाऱ्या ट्रकचालकाला रस्त्यातच थांबवण्याचा नियम पुन्हा कडक केला, तेव्हाही सीमेलगतच्या व्यापारी पट्ट्यात चालणाऱ्या चालकांना त्या कारवाईतून वगळले गेले.